आपला माणूस

तृतीय वर्ष, कला

आमच्या भागात एक वाक्य फार ऐकू येते. ग्रामपंचायतीची निवडणूक असो, सोसायटीचे संचालक निवडायचे असोत, नाही तर कारखान्यात सुपरवायझर नेमायचा असो. पारावरच्या मंडळींचे एकमत ठरलेले असते : 'तिथे आपला माणूस पाहिजे.' तिथे हुशार माणूस पाहिजे, सचोटीचा माणूस पाहिजे, असे सहसा कोणी म्हणत नाही. 'आपला' म्हटले की सारे गुण त्यात आले! शब्द मोठा मायेचा आहे. पण जरा खरवडून पाहिले तर त्याच्या पोटात एक अट दडलेली दिसते. आम्ही तुला तिथे बसवले. आता तिथे बसून तू आमचाच राहा. त्या जागेचा होऊ नकोस.

इंग्रजीच्या तासाला सरांनी टॉमस बेकेट या आर्चबिशपची हकीगत सांगितली, तेव्हा मला सारखे हेच वाक्य आठवत होते. टी. एस. एलियट याने १९३५ साली बेकेटच्या खुनावर एक काव्यनाट्य लिहिले; त्याच्या निमित्ताने हा विषय निघाला होता. बाराव्या शतकातले इंग्लंड कुठे आणि आमचे कुरुळी गाव कुठे! तरी ती गोष्ट परकी वाटली नाही. तास संपल्यावर ग्रंथालयात जाऊन मिळेल ते वाचले. वाचता वाचता मन कँटरबरीहून पुण्याच्या शनिवारवाड्यात आले आणि शेवटी आमच्या स्वतःच्या घरात येऊन थांबले. त्या प्रवासाची ही टिपणे आहेत.

बेकेट हा लंडनमधल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. जन्म साधारण ११२० च्या आसपासचा. घराणे मोठे नव्हे. पण पोरगा तल्लख. कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरी तो कारकुनीला लागला आणि हुशारीच्या जोरावर वर चढत गेला. ११५४ साली दुसरा हेन्री गादीवर आला, तेव्हा तो अवघा एकवीस वर्षांचा होता. त्याला कर्तबगार माणसे हवी होती. थिओबाल्डने बेकेटचे नाव सुचवले आणि ११५५ मध्ये व्यापाऱ्याचा हा मुलगा इंग्लंडचा चान्सलर झाला. आपल्या भाषेत बोलायचे तर राजाचा चिटणीस आणि कारभारी.

दोघांची गट्टी जमली. शिकार एकत्र, जेवण एकत्र, थट्टामस्करी एकत्र. एक प्रसंग तर मोठा गमतीचा आहे. भर थंडीत लंडनच्या रस्त्यातून दोघे घोड्यावरून चालले असता एक फाटका भिकारी दिसला. राजा म्हणाला, याला उबदार झगा देणे पुण्याचे काम नव्हे काय? बेकेटने मान डोलावली. तेव्हा राजाने बेकेटच्याच अंगावरचा भारी झगा ओढायला सुरुवात केली! दोघांची झटापट झाली आणि अखेर झगा भिकाऱ्याला मिळाला. असा हा स्नेह. चान्सलरसाहेबांचा थाटही राजाला शोभेल असा होता. ते स्वारीवर जात आणि रणांगणात स्वतःच्या घोडेस्वारांचे नेतृत्व करीत.

११६१ मध्ये थिओबाल्ड वारले. कँटरबरीची गादी म्हणजे इंग्लंडच्या धर्मपीठातली सर्वांत मोठी गादी. हेन्रीने विचार केला : तिथे आपला माणूस पाहिजे. त्या काळी चर्चची न्यायालये वेगळी असत. धर्मसेवेत नाव नोंदलेल्या कोणी, मग तो साधा कारकून का असेना, खून केला तरी त्याचा न्याय चर्चपुढे होई. आणि चर्चला देहदंड देता येत नसे. हेन्रीला हे मोडून काढायचे होते. आर्चबिशप आपलाच मित्र असला की काम फत्ते!

२ जून ११६२ रोजी बेकेटला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी तो आर्चबिशप झाला. एका रात्रीत एवढी बढती आमच्याकडेसुद्धा कोणाला मिळत नसेल! पण पुढे जे घडले त्याने राजा चक्रावला. बेकेटने चान्सलरपदाचा राजीनामा दिला. थाटमाट सोडला. राजाने चर्चच्या अधिकाराला हात घालताच तो आडवा उभा राहिला. ११६४ च्या जानेवारीत क्लॅरेंडन येथे राजाने आपल्या मागण्यांची यादी पुढे ठेवली. आधी बेकेटने मान तुकवली आणि नंतर आपली संमती मागे घेतली. त्याच वर्षी नॉर्दम्प्टनला त्याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा तो रातोरात पळाला आणि फ्रान्समध्ये जाऊन राहिला. सहा वर्षे हा वनवास चालला.

११७० च्या डिसेंबरात तडजोड होऊन तो परतला. पण येताना त्याने राजाच्या बाजूच्या बिशपांवर धर्मदंडाचा बडगा उगारला होता. ही बातमी हेन्रीला नॉर्मंडीत नाताळच्या दिवसांत कळली आणि तो संतापाने काहीबाही बोलून गेला. नेमके काय बोलला याची निरनिराळी वाक्ये सांगतात. सूर मात्र असा की, माझे अन्न खाणाऱ्यांपैकी कोणालाच या माणसाचा बंदोबस्त करता येत नाही काय? चार सरदारांनी ते ऐकले. त्यांनी समुद्र ओलांडला आणि २९ डिसेंबर ११७० रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कँटरबरीच्या प्रार्थनामंदिरातच बेकेटला तलवारीने तोडले. मृतदेहाची वस्त्रे काढली तेव्हा आत अंगालगत केसांचा खरखरीत अंगरखा निघाला. चान्सलर असताना ज्याच्या वस्त्रांची चर्चा होत असे, तो माणूस आत हे वागवीत होता!

पुढची कथा प्रायश्चित्ताची आहे. 'मी खुनाची आज्ञा दिली नव्हती,' असे हेन्री सांगत राहिला. ११७३ मध्ये पोपने बेकेटला संत ठरवले. ११७४ च्या जुलैत राजा अनवाणी चालत कँटरबरीला आला आणि बेकेटच्या थडग्यापाशी त्याने मठवासीयांच्या हातून पाठीवर फटके खाल्ले. प्रायश्चित्त झाले, राजा राजाच राहिला. पुढे पंधरा वर्षे त्याने राज्य केले. थडग्याची जत्रा साडेतीनशे वर्षे भरत होती. चॉसरचे यात्रेकरू गोष्टी सांगत निघाले होते ते याच जत्रेला. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ते स्थान उद्ध्वस्त केले.

'मी तसे म्हटले नव्हते!' या एका वाक्यापाशी मी थबकले. हे वाक्य मराठी माणसाला ओळखीचे नाही काय? 'ध' चा 'मा' आपल्याकडेच झाला ना?

रामशास्त्री प्रभुणे शाळेच्या पुस्तकापासून आपल्याला ठाऊक आहेत. 'रामशास्त्री बाणा' हा शब्दच भाषेत रुळला आहे. शब्द रुळला की माणूस मागे पडतो, तसे त्यांचेही झाले आहे. म्हणून त्यांचे चरित्र पुन्हा नीट वाचले. ते साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा-वेण्णेच्या संगमावरचे हे गाव. मोठे होईपर्यंत अक्षरओळख नव्हती, साताऱ्याच्या एका सावकाराकडे ते चाकरीला होते आणि तिथे बोललेला एक टोमणा मनाला लागून काशीला गेले, अशी आख्यायिका आहे. काशीत त्यांनी धर्मशास्त्राचे अध्ययन केले. १७५१ च्या सुमारास ते पेशव्यांच्या शास्त्रीमंडळात आले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. आपल्या शास्त्राधारावर राजसत्तेपुढे बोलण्याचा अधिकार असलेला माणूस म्हणून पाहिले, तर कँटरबरीच्या गादीला जवळची अशी पुणे दरबारातली जागा हीच.

या जागेवर ते कसे बसले होते याच्या दोन गोष्टी ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात नोंदल्या आहेत. थोरले माधवराव पेशवे तरुणपणी जपजाप्यात फार गुंतले होते. एकदा शास्त्रीबुवा कामासाठी गेले तेव्हा स्वारी ध्यानाला बसलेली. दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा काशीला जाण्याचा निरोप घ्यायलाच हजर! कारण विचारता त्यांनी सांगितले की, ब्राह्मणाचा आचार पाळायचा तर गादी सोडा आणि माझ्याबरोबर गंगेवर चला. राज्य करायचे तर प्रजेचे काम हेच तुमचे अनुष्ठान. माधवरावांनी ते ऐकले. ऐकणाराही थोरच म्हणायचा. दुसरी नोंद अशी, की शास्त्रीबुवांच्या घरात एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक काही साठवलेले नसे. ही दुसरी नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले. धाकटे बंधू नारायणराव पेशवे झाले. चुलते रघुनाथराव शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी गारदी वाड्यात शिरले. पगाराची थकबाकी हे निमित्त. अठरा वर्षांचा पेशवा धावत चुलत्याकडे गेला आणि त्याच्या गळ्याला मिठी मारली. 'काका, मला वाचवा' ही हाक महाराष्ट्र अजून विसरलेला नाही. काकांनी वाचवले नाही.

रघुनाथराव गादीवर बसले. त्या वेळी पुण्यात तलवारबहाद्दर थोडे होते काय? पण या खुनाची चौकशी करायला उठला तो एक शास्त्री. त्यांनी पाच-सहा आठवडे शांतपणे माग काढला. रघुनाथरावांचा हुकूम नारायणरावांना 'धरावे' असा होता आणि कोणी तरी त्याचे 'मारावे' केले, हे त्या चौकशीत निघाले असे सांगतात. परंपरेने 'ध' चा 'मा' करण्याचे पाप आनंदीबाईंच्या माथी मारले आहे. मला नेहमी वाटते, हे खापर फार सोयीचे आहे. एका बाईच्या नावाने एक अक्षर लिहिले, की बाकीचे सगळे हात धुऊन मोकळे! शास्त्रीबुवांनी मात्र अक्षरापाशी चौकशी थांबवली नाही. पुतण्याला धरण्यासाठी शस्त्रे घेतलेले गारदी वाड्यात कोणी आणले? ज्याने दार उघडले, त्याला 'आत येऊन काय करा ते मी सांगितले नव्हते' असे म्हणता येत नाही. त्यांनी थेट रघुनाथरावांना जाब विचारला.

रघुनाथरावांनी प्रायश्चित्त काय ते विचारले. विचारणाऱ्याच्या मनात काय असेल? काही दाने, एखादी तीर्थयात्रा, ब्राह्मणभोजन. हेन्री राजाने पाठीवर फटके खाल्लेच होते ना! शास्त्रीबुवा म्हणाले, देहांत प्रायश्चित्त. दुसरे नाही. आणि तुम्ही कारभारावर आहात तोवर मी या राज्याची चाकरी करणार नाही, पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असे सांगून ते निघाले. वाईजवळच्या पांडववाडीला जाऊन राहिले.

आपण बहुधा गोष्ट इथे संपवतो. पडदा पडतो, टाळ्या होतात. 'प्रभात'ने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' हा बोलपट काढला, तेव्हापासून ही प्रतिमा आणखी ठसली आहे. पण मला त्यापुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. रघुनाथरावांना कारभाऱ्यांनी टिकू दिले नाही. बारभाई उभे राहिले. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव जन्मला. रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेले. नवा कारभार आला तसे शास्त्रीबुवा परत आले आणि पुन्हा न्यायाधीशाच्या जागेवर बसले. १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे आणखी पंधरा वर्षे, त्यांनी वारसाचे, वतनाचे, देण्याघेण्याचे तंटे ऐकले. ज्याने पेशव्याला देहांत सांगितला, तो पुन्हा कुणब्याच्या बांधाचा निवाडा करीत बसला! त्यांचे भांडण त्या जागेशी नव्हते, ती जागा वाकवू पाहणाऱ्याशी होते.

बेकेट आणि रामशास्त्री यांना शेजारी ठेवले की साम्य चटकन दिसते. दोघे साध्या घरातले, दोघे विद्येच्या जोरावर वर आले, दोघांनी राज्यकर्त्यापुढे मान ताठ ठेवली. पण वर्गात सरांनी एक प्रश्न टाकला होता : बेकेट नेमका कशासाठी मेला? त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले तर थोडे अडखळायला होते. हेन्रीचा हेतू काहीही असो, त्याचे म्हणणे असे होते की खून करणारा कोणीही असो, त्याला शिक्षा एकच असावी. आज आपण त्याच तत्त्वावर राज्यघटना उभारली आहे. बेकेटचे धैर्य खरे. मरणापुढे तो डगमगला नाही, हेही खरे. पण तो ज्यासाठी उभा राहिला त्यात आपल्या वर्गाचे वेगळेपण राखण्याचा भाग मोठा होता. राजाचा 'आपला माणूस' होण्याचे त्याने नाकारले आणि चर्चचा 'आपला माणूस' झाला, असे कोणी म्हटले तर मला त्याचे उत्तर सापडत नाही.

रामशास्त्र्यांनी मागितले ते याच्या उलट. सामान्य खुन्याला जी शिक्षा, तीच राज्याच्या धन्याला. त्यांनी आपल्या जातीसाठी, आपल्या शास्त्रीमंडळासाठी काही राखून मागितले नाही. मारला गेला तो पेशवा होता आणि ज्याला जाब विचारला तोही पेशवाच होता. दोघांपैकी कोणाचाही 'माणूस' न होता त्यांनी निवाडा दिला. म्हणूनच बेकेटबद्दल मला आदर वाटतो, आणि रामशास्त्र्यांबद्दल विश्वास.

इथपर्यंत आले तेव्हा मला आमच्या घराबद्दल लिहावेसे वाटले. दादाला विचारूनच लिहीत आहे.

पुण्याहून नाशिक रस्त्याने येताना चाकणच्या अलीकडे कुरुळी लागते. आजोबांच्या तोंडून ऐकलेले गाव बाजरीचे, ज्वारीचे आणि कांद्याचे होते. आता रात्रीसुद्धा रस्त्यावर कंटेनरांची रांग असते. शेतांच्या जागी शेड उभ्या आहेत आणि खोल्या बांधून भाड्याने देणे हे नवे पीक आहे. या बदलाला नुसती नावे ठेवणे मला पटत नाही. माझे शिक्षण याच पैशावर झाले. दादा डिप्लोमा करून तीन वर्षांपूर्वी जवळच्या एका लहान प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर म्हणून लागला. चिकटवले तात्यांनी. तात्या आमच्या भावकीतले. त्या कारखान्याला कामगार पुरवण्याचा ठेका त्यांचा. 'आपला माणूस आत असला म्हणजे बरे असते,' असे ते आईला म्हणाल्याचे मला आठवते. आईने त्यांच्या हातावर पेढा ठेवला होता.

पॉवर प्रेसला दोन बटणे असतात. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. म्हणजे चालवणाऱ्याचे दोन्ही हात आपोआप बाहेर राहतात. त्या कारखान्यातल्या एका प्रेसचे एक बटण लोखंडी पट्टी अडकवून कायमचे दाबून ठेवले होते. त्यामुळे एका हाताने बटण आणि दुसऱ्या हाताने माल, असे काम चाले. तासाला पीस जास्त निघत. एका रात्रपाळीत परभणीकडून आलेल्या एका मुलाची डाव्या हाताची दोन बोटे गेली. वय एकोणीस.

पट्टी लावा, असे कोणी सांगितले होते? कोणीच नाही! मालक म्हणाले होते, महिनाअखेर माल गेला पाहिजे. मॅनेजर म्हणाले होते, पीस वाढवा. तात्या म्हणाले होते, माझी माणसे कमी पडतात असे ऐकू येता कामा नये. प्रत्येकाने आपापल्या परीने 'धरावे' एवढेच लिहिले होते. खाली मशीनपाशी येईपर्यंत त्याचे 'मारावे' झाले.

चौथ्या दिवशी दादापुढे सहीसाठी कागद आला. त्यात एक वाक्य होते : कामगाराने सुरक्षेचे साधन स्वतःच्या मर्जीने काढले होते. वाक्य साधे दिसते. पण त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या भरपाई कायद्यात अशी तरतूद होती, की कामगाराने सुरक्षेचे साधन मुद्दाम काढल्यामुळे अपघात झाला असे ठरले, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर दुखापतींत मालकावर भरपाईचे बंधन राहत नसे. दोन बोटे म्हणजे संपूर्ण अपंगत्व नव्हे. त्या एका वाक्यावर त्या मुलाची सगळी भरपाई अडकली होती.

तात्या घरी आले. चहा झाला. ते म्हणाले, 'बाळा, पोराला मी माझ्या खिशातून वीस हजार देतो, गावी जायचे भाडे देतो. तू फक्त सही कर. तुला तिथे कशाला ठेवलाय?'

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'तात्या, ती पट्टी पंधरा दिवस मी रोज बघत होतो. लिहायचे तर तेही लिहावे लागेल.'

त्याने तसेच लिहिले. पट्टी केव्हापासून होती, कोणाकोणाला दिसत होती, आणि त्या दिसणाऱ्यांत आपले नाव पहिले. त्या जबाबामुळे मुलाची भरपाई अडली नाही. दादाला पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून येऊ नको म्हणून सांगितले. आठ महिने तो घरी होता. आता तळेगावकडे कमी पगारावर कामाला जातो. तात्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आमच्याकडे आली नाही. गावात राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको.

आई या सगळ्यात दादाच्या बाजूने नव्हती. ती म्हणे, 'त्या पोराचे वाईट झालेच. पण सही न करून तुझी बोटे कापून घ्यायची काय गरज होती? घराचा हप्ता काय तो कागद भरणार आहे?' त्या आठ महिन्यांत हप्ते तिनेच भरले. रात्री बारापर्यंत ब्लाउज शिवून. तेव्हा तिचे म्हणणे स्वार्थाचे होते असे कोणी समजू नये. ते हिशेबाचे होते, आणि हिशेब बरोबर होता.

एका दिवसापुरते धान्य घरात ठेवणाऱ्या रामशास्त्र्यांची गोष्ट मी म्हणूनच लक्षात ठेवायला सांगितली होती. लहानपणी मला ती नुसती साधेपणाची गोष्ट वाटे. आता वाटते, ती तयारीची गोष्ट आहे. ज्याला केव्हा ना केव्हा 'नाही' म्हणावे लागणार हे ठाऊक आहे, तो आधीपासून आपल्या गरजा हलक्या ठेवतो. उद्या वाड्याचे दार बंद झाले तर परवा काय, हा प्रश्न त्याने आजच सोडवलेला असतो. आपण मात्र नोकरी लागली की पहिल्या सहा महिन्यांत गाडीचा हप्ता, मग घराचा हप्ता, असे स्वतःला बांधून घेतो आणि मग बाणा नाही म्हणून एकमेकांना दोष देतो. ज्याच्या डोक्यावर हप्ते आहेत आणि तरीही जो सही करत नाही, त्याला काय म्हणावे? त्याचा बाणा इतिहासात जाणार नाही. पण त्याची किंमत, निदान घरच्या माणसांना, रोज मोजावी लागते. आणि ती त्याच्याबरोबर दुसरे कोणी तरी मोजत असते. पांडववाडीच्या दिवसांत शास्त्रीबुवांच्या घरातल्या बाईने चूल कशी चालवली, हे कोणत्याही बखरकाराला लिहावेसे वाटले नाही.

आपल्या वर्गातली किती तरी मुले-मुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. कोणी तलाठी होईल, कोणी फौजदार, कोणी बँकेत, कोणी शाळेवर जाईल. निकाल लागेल त्या दिवशी गावात फ्लेक्स लागतील आणि लोक कौतुकाने म्हणतील, 'आता तिथे आपला माणूस आहे.' त्या कौतुकाचा अव्हेर करू नये. गावाने आपल्याला वाढवलेले असते. आलेल्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, अर्ज कसा लिहायचा ते समजावून सांगावे. पण एक दिवस कोणी तरी एक कागद पुढे सरकवील. त्यावर एकच वाक्य असेल आणि ते दिसायला साधे असेल.

ते वाक्य दोनदा वाचावे. त्याने कोणाची बोटे जाणार आहेत ते पाहावे. आणि घरात किती दिवसांचे धान्य आहे, हे त्या दिवशी मोजायला बसायची वेळ येऊ नये, एवढी तयारी आधीच करून ठेवावी.